उत्तरपत्रिकेवर नाव का लिहायचं नसतं?

दहावीला बसलेल्या प्रत्येकाने ही सूचना ऐकलेली असते. घंटा होते, पर्यवेक्षक बाई उत्तरपत्रिका वाटत वाटत सांगतात, "बैठक क्रमांक अंकांत आणि अक्षरांत लिहा. आत कुठेही स्वतःचं नाव नको, शाळेचं नाव नको, ओळख पटेल अशी कुठलीही खूण नको. पानावर आधी 'श्री' लिहायची सवय असेल त्यांनी आज तेवढं टाळा." मग तो गठ्ठा कुठल्या तरी अनोळखी शिक्षकांकडे जातो. पेपर पाटलांच्या मुलाचा आहे, शेखांच्या मुलीचा की कांबळ्यांच्या नातीचा, हे त्यांना कळत नाही. कळू नये अशीच सोय केलेली असते.

यात शिक्षकांचा अपमान झाला, असं मी आजवर एकाही शिक्षकाच्या तोंडून ऐकलेलं नाही. नाव दिसलं तर चांगल्या माणसाचाही हात अर्ध्या गुणाने इकडेतिकडे होऊ शकतो, हे आपण सगळ्यांनी मनोमन मान्य केलं आहे.

आता हीच मुलगी सहा-सात वर्षांनी नोकरीसाठी अर्ज करते. पहिल्याच ओळीत तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खाली जन्मतारीख, मूळ गाव, विवाहित की अविवाहित. उजव्या कोपऱ्यात फोटो. भूगोलाच्या चार गुणांच्या प्रश्नाला जे संरक्षण मिळालं होतं, ते तिच्या पोटापाण्याच्या प्रश्नाला मिळत नाही. आणि हा अर्ज वाचणारा साहेब त्या शिक्षकांपेक्षा वेगळ्या मातीचा असतो असंही नाही.

पूर्वग्रह म्हटलं की आपल्याला द्वेष आठवतो. शिवीगाळ करणारा, तोंडावर जात काढणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तशी माणसं आहेत, आणि त्यांच्याशी कायद्याने लढावं लागतं. पण या लेखात मी ज्याबद्दल लिहिते आहे तो पूर्वग्रह सभ्य आहे. तो सुशिक्षित, कामसू, घरी सगळ्यांशी नीट वागणाऱ्या माणसांच्या डोक्यात बसलेला असतो. माझ्याही डोक्यात आहे, त्याचा पुरावा पुढे देते.

मेंदू दिवसभर अंदाजांवर चालतो. सगळी माहिती गोळा करून मगच निर्णय घ्यायचा म्हटलं तर रस्ता ओलांडतानाच संध्याकाळ होईल. म्हणून तो शितावरून भाताची परीक्षा करतो. भाताच्या बाबतीत ही परीक्षा चोख आहे. एक शीत बोटांत दाबलं की पातेलंभर भाताचा अंदाज येतो, कारण सगळे तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर, तेवढाच वेळ शिजलेले असतात. माणसं एका पातेल्यात शिजलेली नसतात. तरीही आपण एक शीत दाबतो, मग ते आडनाव असेल, उच्चार असेल, गाव असेल, कपडे असतील, आणि अख्ख्या माणसाबद्दल खात्रीने बोलू लागतो.

अडचण अशी की हे होताना काहीच जाणवत नाही. "हा उमेदवार मला बरा वाटला" एवढंच जाणवतं. का बरा वाटला याची कारणं मन मागाहून गोळा करतं, आणि ती कारणं खरीच वाटतात.

म्हणून पूर्वग्रह शोधायचा तर मनात डोकावून उपयोग नाही. तो एका निर्णयात सापडत नाही. पुष्कळ निर्णय शेजारी शेजारी मांडले की मग दिसतो.

४,८०८ अर्ज

अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कमधले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी नेमकं हेच केलं. थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षही होते. २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती गोळा केल्या गेल्या आणि त्यांना टपालाने अर्ज पाठवले गेले. एकाच जाहिरातीला सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे तीन तरुण. फरक फक्त नावात. एकाचं नाव वाचताच तो सवर्ण हिंदू वाटावा, दुसऱ्याचं वाचताच दलित, तिसऱ्याचं मुस्लिम. अर्जात जात कुठेही लिहिलेली नव्हती. आपल्याकडे ती लिहावी लागत नाही, आडनाव पुरतं. एकूण ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले.

पुढच्या फेरीसाठी बोलावणं येण्याची संधी सवर्ण नावाला १ धरली, तर दलित नावाला ती ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघाली. हा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये छापून आला.

या आकड्यांकडे जरा थांबून बघा. त्या शेकडो कंपन्यांतल्या एकाही अधिकाऱ्यावर बोट ठेवता येणार नाही. विचारलंत तर प्रत्येक जण सांगेल, "अर्ज ढीगभर आले, मोजक्यांना बोलावलं, बाकीचे राहिले." आणि त्याचं खरंही असेल. प्रत्येक नकाराला काही ना काही कारण असतंच. पण ४,८०८ अर्जांची बेरीज केल्यावर कारणं गळून पडतात आणि आडनाव तेवढं शिल्लक राहतं.

अशीच तपासणी त्याआधी अमेरिकेत बोस्टन आणि शिकागो इथे झाली होती. तिथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण दहा अर्जांमागे एक फोन येत होता, काळ्या वाटणाऱ्या नावांना पंधरा अर्जांमागे एक. अर्ज तेच, नावं तेवढी बदललेली. २००४ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता याच्या उलटं काही सापडलं आहे का? सापडलं आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या ३७१ जागांसाठी ३,१६० अर्ज पाठवले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून भेदभाव झाल्याचा पुरावा मिळाला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र फरक दिसला, विशेषतः सवर्ण आणि इतर मागासवर्गीय नावांमध्ये.

असं का व्हावं? मला यात एक गोष्ट दिसते. सॉफ्टवेअरच्या कामात कोणती भाषा येते, काय काय तयार केलं आहे, हे अर्जातच तपासता येतं. कॉल सेंटरच्या कामाला बोलण्याची ढब, वागण्यातला सफाईदारपणा लागतो, आणि तो कागदावर मोजता येत नाही. मग वाचणारा अंदाज करतो. मोजपट्टी जिथे ढिली, तिथे पूर्वग्रहाला जागा मिळते. हा नियम एकदा लक्षात आला की कुठल्याही कचेरीत शिरल्यावर तो कुठे लपला असेल ते ओळखता येतं.

मोजपट्टी वाकते कशी

एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोलीसप्रमुखाची जागा भरायची आहे आणि उमेदवार आहेत दोन, एक पुरुष आणि एक बाई. दोघांपैकी एकाकडे रस्त्यावरचा अनुभव, गुंडांशी दोन हात करायची तयारी. दुसऱ्याकडे चांगलं शिक्षण, प्रशासनाची समज. काही जणांना दाखवलेल्या कागदांत पुरुषाकडे अनुभव होता, काहींच्या कागदांत पुरुषाकडे शिक्षण होतं.

पुरुष अनुभवी असला की लोक म्हणाले, या कामाला अनुभवच लागतो. पुरुष शिकलेला असला की लोक म्हणाले, या कामाला शिक्षण महत्त्वाचं. म्हणजे माणूस आधी ठरला आणि त्याच्या मापाने पात्रता नंतर शिवली. शिवणाऱ्यांना आपण निःपक्ष आहोत असंच वाटत होतं.

हे आपल्याकडच्या भाषेत कसं ऐकू येतं ते मी सांगते. आवडलेल्या उमेदवाराचे गुण कमी असले तर "मार्कांवर काय असतं हो, मुलगा चुणचुणीत आहे". न आवडलेल्याचे गुण जास्त असले तर "घोकंपट्टी केलेली दिसते". आवडलेल्याने तीन नोकऱ्या बदलल्या तर "सगळीकडचा अनुभव आहे", न आवडलेल्याने बदलल्या तर "टिकत नाही कुठे". आवडलेला कमी बोलला तर "शांत आहे, कामाचा आहे", न आवडलेला कमी बोलला तर "आत्मविश्वास कमी पडतो". आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्या वाडवडिलांनी हे एका ओळीत सांगून ठेवलं होतं.

उलमन आणि कोहेन यांच्या प्रयोगाचा दुसरा भाग मात्र त्या म्हणीच्या पुढे जातो. काही लोकांना उमेदवार दाखवण्याआधीच विचारलं गेलं की या जागेसाठी काय जास्त महत्त्वाचं, अनुभव की शिक्षण? त्यांनी ते ठरवलं आणि मग अर्ज पाहिले. तेव्हा बाई-पुरुष हा भेद उरला नाही. माणसं तीच, त्यांची मनंही तीच. बदलला तो फक्त क्रम.

आता माझा पुरावा.

मी काही वर्षं एका संस्थेच्या निवड समितीवर बसते. आमच्या मुलाखतीच्या तक्त्यात पाच रकाने होते. शिक्षण, अनुभव, विषयाचं ज्ञान, संवादकौशल्य, व्यक्तिमत्त्व. प्रत्येकाला दहा गुण. जुने तक्ते फाईलला लावून ठेवलेले असतात. एकदा लेखापरीक्षणासाठी फाईल काढली तेव्हा लेखा सहायकाच्या जागेच्या तीन वर्षांच्या मुलाखतींचे माझेच तक्ते हाताशी आले आणि मी ते टेबलावर ओळीने मांडले. मुलाखतीच्या वेळी मला कडेला पेन्सिलीने टिपणं करायची सवय आहे. काही नावांपुढे मी "उच्चार" असं लिहिलं होतं. म्हणजे तो मुलगा किंवा मुलगी "पाणी"ला "पानी" म्हणाली होती, किंवा "आहे"च्या जागी "हाय" आलं होतं. जिथे जिथे मी "उच्चार" लिहिलं होतं, तिथे संवादकौशल्याला पाचच्या वर गुण नव्हते. एकाही ठिकाणी नव्हते.

त्या जागेचं काम काय होतं? बिलं तपासणं, साठ्याची नोंदवही ठेवणं आणि माल पुरवणाऱ्यांशी फोनवर बोलणं. ते पुरवठादार जिल्हाभरातले, त्यांच्यातले बहुतेक जण "पानी"च म्हणतात. म्हणजे त्या कामासाठी ज्यांचं बोलणं सगळ्यात उपयोगाचं, त्यांनाच मी संवादात कमी ठरवलं होतं. मुलाखतीच्या दिवशी मला विचारलं असतं, तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी भाषेवरून कुणाला जोखत नाही. ते खोटं बोलणं झालं नसतं, कारण मला माहीतच नव्हतं.

मराठीत 'न' आणि 'ण' ही नुसती दोन अक्षरं नाहीत. त्यावरून आपण जिल्हा, जात, आईवडिलांचं शिक्षण, घरातली पुस्तकं, सगळ्याचा अंदाज एका क्षणात बांधतो आणि त्या अंदाजाला "भाषा शुद्ध आहे" किंवा "नाही" असं नाव देतो. त्या तक्त्यांवरची पेन्सिलीची अक्षरं मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

पगार, प्रभावळ आणि मार्चअखेर

काही पूर्वग्रहांना जात, धर्म, बाई-पुरुष यांची गरज लागत नाही. ते नुसत्या आकड्यांतून शिरतात. अमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९७४ साली वर्णन केलेला एक प्रयोग आहे. लोकांसमोर एक चक्र फिरवायचं. चक्रावर १० किंवा ६५ आकडा यायचा. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के असतील? चक्राचा आणि उत्तराचा काडीचाही संबंध नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी १० पाहिलेल्यांची मधली उत्तरं २५ च्या आसपास होती आणि ६५ पाहिलेल्यांची ४५ च्या आसपास. कानावर पडलेला पहिला आकडा खुंटीसारखा रुततो आणि मन त्या खुंटीभोवतीच फिरत राहतं.

आपल्याकडे मुलाखतीत ही खुंटी हमखास ठोकली जाते. "सध्या किती मिळतात?" जिला पहिल्या नोकरीत घासाघीस करता आली नाही, तिचा तो कमी पगार दुसऱ्या नोकरीत खुंटी होतो, दुसरा तिसऱ्यात. एका ठिकाणी झालेला अन्याय असा आयुष्यभर सोबत चालतो, आणि पुढचा प्रत्येक मालक प्रामाणिकपणे म्हणू शकतो, "आम्ही तर तिला आधीपेक्षा वाढवूनच दिले." अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा करून नोकरी देऊ करण्याआधी मागचा पगार विचारायला बंदी घातली, २०१८ च्या जुलैपासून ती लागू आहे. आपल्याकडे हा प्रश्न अजून चहा विचारावा इतक्या सहज विचारला जातो.

मुलींना त्यासोबत आणखी एक प्रश्न येतो, "लग्नाचं काय?" आणि लग्न झालेलं असेल तर "मुलं किती लहान आहेत?" शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की अर्जात पालक-शिक्षक संघाच्या कामाचा नुसता उल्लेख आला, म्हणजे उमेदवार आई आहे हे कळलं, तरी तिची क्षमता आणि कामावरची निष्ठा कमी धरली गेली आणि तिला देऊ केलेला पगारही कमी झाला. बाप असलेल्या पुरुषांचं तसं काही नुकसान झालं नाही.

देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते. ती इतकी झळाळते की मूर्तीचं नाक जरा झिजलं आहे हे लक्षातही येत नाही. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य, असे वेगवेगळे गुण वेगवेगळे मोजायचे होते. पण एका गुणात वरचढ ठरलेला माणूस जवळजवळ सगळ्यातच वरचढ ठरत होता. उंचापुरा माणूस बुद्धिमानही वाटत होता. शंभर वर्षं झाली, तरी इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्याचा हिशेबही पक्का असणार असं आपल्याला वाटतंच. वार्षिक मूल्यमापनात ही प्रभावळ आणि मार्चअखेरची घाई एकत्र येतात. एप्रिल ते डिसेंबर नीट काम केलेल्याच्या वाट्याला फेब्रुवारीतली एक चूक येते, कारण साहेबांना तीच ताजी आठवते.

पहिला बोलतो त्याचं

हेच सगळं इंटरनेटवर लोक एकमेकांना काय म्हणतात त्यातही दिसतं, आणि तिथे मोजणं सोपं जातं, कारण सगळं लिहिलेलं असतं. ब्रिटनच्या 'द गार्डियन' या वृत्तपत्राने २०१६ साली आपल्याच लेखांखाली जमलेल्या सात कोटी प्रतिक्रिया तपासल्या. नियम मोडल्यामुळे अडवाव्या लागलेल्या प्रतिक्रिया सगळ्यात जास्त कुणाच्या लेखांवर आल्या होत्या? त्यांच्या नियमित लेखकांत गोऱ्या पुरुषांचाच भरणा होता. तरी सर्वाधिक झोडपल्या गेलेल्या दहा जणांत आठ बायका होत्या आणि उरलेले दोन काळे पुरुष. सगळ्यात कमी त्रास झालेले दहाच्या दहा पुरुष होते.

एकेक प्रतिक्रिया वाचली तर "मला हा लेख पटला नाही" एवढाच तिचा दावा असतो, आणि न पटण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्या बाईंना तरी कसं सिद्ध करता येणार, की हीच मतं एखाद्या पुरुषाने मांडली असती तर इतकं विखारी कुणी लिहिलं नसतं? एकट्याने सिद्ध करताच येत नाही. म्हणून अशा माणसांना आपण "फार मनाला लावून घेता" असं म्हणतो. सात कोटी मोजल्यावर मात्र त्या काय सांगत होत्या ते कळतं.

दुसरा अभ्यास २०१३ सालचा, लेव म्युचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांचा. बातम्यांवर चर्चा करणाऱ्या एका संकेतस्थळावरच्या १,०१,२८१ प्रतिक्रियांतल्या काहींना त्यांनी प्रतिक्रिया येताक्षणी, मजकूर न बघता, एक पसंती देऊन टाकली. काहींना एक नापसंती. त्या एका खोट्या पसंतीमुळे पुढच्या वाचकानेही पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटची एकूण पसंती सरासरी २५ टक्क्यांनी फुगली. खोटी नापसंती मात्र लोकांनी पुढे पसंती देऊन भरून काढली. म्हणजे अन्याय दिसला की लोक सावरायला धावले, फुकटची वाहवा मात्र कुणालाच खटकली नाही.

मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या बैठकीची खोली आठवली. उमेदवार बाहेर जातो, दार लागतं आणि सगळ्यात ज्येष्ठ सदस्य खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "छान होता." झालं, पहिली पसंती पडली. त्यानंतर बाकीचे तिघे आपापल्या पेन्सिली उचलतात.

मनात डोकावून का भागत नाही

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हेच मोजून दाखवलं. पूर्वग्रहांची यादी वाचायला दिली की लोक म्हणतात, हो, बहुतेकांत हे असतं, माझ्यात जरा कमी आहे. कारण साधं आहे. दुसऱ्याला आपण त्याच्या वागण्यावरून तोलतो आणि स्वतःला आपल्या हेतूंवरून. हेतू तर चांगलेच असतात.

म्हणून संस्थांना वाटतं की लोकांना एकदा बसवून समजावून सांगितलं की काम झालं. २०१८ साली फिलाडेल्फियात स्टारबक्सच्या दुकानात कुणाची तरी वाट बघत बसलेल्या दोन काळ्या पुरुषांना पोलिसांनी पकडून नेलं. त्यानंतर २९ मे रोजी कंपनीने अमेरिकेतली आपली आठ हजारांवर दुकानं दुपारभर बंद ठेवून कर्मचाऱ्यांना पूर्वग्रहांबद्दल प्रशिक्षण दिलं. भावना खरी असेल, पण एका दुपारीत मन बदलत नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव यांनी आठशेहून अधिक अमेरिकी कंपन्यांची तीस वर्षांची आकडेवारी तपासली आहे. सक्तीच्या प्रशिक्षणाने वरच्या पदांवरच्या बायकांचं प्रमाण वाढलेलं त्यांना दिसलं नाही.

मग यंत्राकडे द्यावं का? अ‍ॅमेझॉनने २०१४ पासून अर्ज चाळणारी एक संगणकप्रणाली बनवायला घेतली होती. दहा वर्षांत आलेले अर्ज तिला शिकवण्यासाठी दिले. ते बहुतांशी पुरुषांचे होते. यंत्र शिकलं की पुरुष बरे, आणि "महिला" हा शब्द असलेले, म्हणजे एखाद्या महिला बुद्धिबळ मंडळाची कप्तान वगैरे, असे अर्ज खाली ढकलू लागलं. कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला आणि २०१८ साली ही बातमी जगासमोर आली. यंत्राच्या मनात बायकांबद्दल राग नव्हता. त्याने फक्त माणसांच्या दहा वर्षांच्या निवडींची बेरीज केली, आणि इतकी वर्षं कुणाला न दिसलेलं त्या बेरजेत आलं.

तर मन बदलायची वाट बघत बसण्यापेक्षा रीत बदलणं हाताशी आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ब (अराजपत्रित), क आणि ड च्या पदांसाठी मुलाखतीच बंद केल्या. लेखी परीक्षेवर निवड करा, कौशल्य तपासायचं तर तेवढंच तपासा. जिथे मुलाखत लागतेच, तिथेही सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण, ही पद्धत गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देते, हे वारंवार दिसून आलं आहे.

"माणूस बघितल्याशिवाय कळत नाही" असं म्हणणारे भेटतात. तीस वर्षांच्या अनुभवावर ते हे बोलतात आणि मला त्यांचा आदर आहे. पण त्या तीस वर्षांत ज्यांना त्यांनी घेतलं नाही, ती माणसं पुढे कशी निघाली, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. घेतलेला बरा निघाला की "माझी पारख", वाईट निघाला की "पुढे बिघडला". अशा पारखीला चूक सापडण्याची संधीच मिळत नाही.

नाव झाकण्याने सगळं सुटत नाही, हेही तितकंच खरं. पत्त्यातून वस्ती कळते, कॉलेजच्या नावावरून ऐपत कळते, शिष्यवृत्तीच्या उल्लेखावरून प्रवर्ग कळतो. आणि जे अर्ज करायलाच धजत नाहीत त्यांच्यापर्यंत तर ही झाकपाक पोचतच नाही. तरी पहिल्या चाळणीत मान खाली घालून नुसतं काम वाचायची सवय लागली, तर काही जण निदान दारापर्यंत येतात.

आमच्या समितीत आम्ही चार गोष्टी बदलल्या. अर्जाचं पहिलं पान शिपाईदादा वेगळं काढतात आणि प्रत्येक अर्जाला नुसता क्रमांक देतात. जागेला काय लागतं हे जाहिरातीच्या दिवशीच लिहून सही करून ठेवतो. उमेदवार बाहेर गेला की पाच मिनिटं कुणी बोलत नाही, प्रत्येक जण आपला तक्ता भरून पालथा ठेवतो, ज्येष्ठ सदस्यसुद्धा. आणि वर्षाअखेरीला सगळे तक्ते टेबलावर ओळीने मांडून बघतो. पहिल्या वर्षी ही शांतता फार अवघड गेली. पाच मिनिटं किती मोठी असतात ते तेव्हा कळलं.

तक्त्यातला "संवादकौशल्य" हा रकाना आम्ही बदलला. आता उमेदवाराने एका पुरवठादाराला चुकीच्या बिलाबद्दल फोन करायचा असतो, पलीकडे आमच्यापैकीच एक जण बसतो, आणि चूक नीट सांगता आली का एवढंच बघायचं असतं. "व्यक्तिमत्त्व" या रकान्यावर मात्र आमची चर्चा तासभर चालली. त्यात नेमकं काय बघायचं, आणि दहापैकी सहा आणि आठ यांत फरक कशाचा, हे आम्हा चौघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. तो रकाना आम्ही काढून टाकला. त्याचे दहा गुण आता जमाखर्चाच्या एका पानात मुद्दाम घातलेली चूक शोधण्याला आहेत.